चौथ्या खुणेवरून नऊ वेळा

नाना, तुमच्या दहाव्याला मी धुळ्याला गेलो आणि अक्कांशी खोटं बोलून आलो.

नदीवरून सगळे परतले होते. अक्का, तुमच्या मंडळी, ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी मान वर केली आणि एकच विचारलं, "तुम्हनासंगे शेवटलं काय बोलनात त्या?" जळगावच्या वायरलेसवर त्या दिवशी मी होतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही काय बोललात, नाना? बोलला असालही, पण माझ्यापर्यंत त्यातलं एक अक्षर पोचलं नव्हतं. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. मी म्हणालो, "म्हणाले, घरी सांगा, काळजी करू नका." अक्कांनी मान हलवली. शेजारच्या बायकांना त्यांनी ते वाक्य सांगितलं. पारोळ्याहून तुमचे मेहुणे आले, त्यांनाही सांगितलं. मी निघेपर्यंत माझं बनावट वाक्य तुमचं शेवटचं वाक्य होऊन घरभर फिरत होतं, आणि मी त्याच घरात पिठलं-भाकरी जेवून एस.टी. स्टँडवर आलो.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "इंजिनेरसाहेब, तुम्हना आवाज मोठा, तो कोठेबी पोचस." खरं आहे. माझा आवाज नेहमी पोचायचा. सगळं दुखणं तिथेच आहे.

आपली ओळख झाली तेव्हा मी पुण्याहून नवा नवा शिकून आलेला आणि तुम्ही धुळ्याच्या एका शेटजींच्या रेडिओ दुकानात पंधरा वर्षं तारांच्या सांध्यांना कथलाचे डाग देत बसलेले. खात्यात मी साहेब आणि तुम्ही मेकॅनिक. पहिल्या दिवशी मी तुम्हाला फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं, आठवतं? मनोऱ्यावरून निघालेली लहर कशी सरळ जाते, डोंगर आला की त्याच्यामागे कशी सावली पडते, सावलीत गाडी शिरली की सेट कसा मुका होतो. तुम्ही तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारत सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरोबर शे. पन सावलीमाबी थोडा उजेड ऱ्हासच ना, साहेब?" मी खडू खाली ठेवला. पुस्तकात ते तीन पानं भरून होतं. लहर डोंगराच्या माथ्यावरून थोडी वाकते, समोरच्या कड्यावर आपटून परत येते, आणि सावलीतही कुठे कुठे पोचते. तुम्ही ते एका वाक्यात सांगून परत डाग द्यायला बसलात. मला राग आला होता. आज कबूल करतो, फार राग आला होता.

आपलं काम साधं होतं. सातपुड्यातल्या रस्त्यांवर खात्याच्या जीपगाड्या हिंडत, पावसाळ्यात नाल्यांचं पाणी बघत, आणि दर तीन तासांनी जळगावला वायरलेसवरून खबर देत. गाडीतला सेट म्हणजे पुढच्या बाकाखालून वर आलेली लोखंडी पेटी. आत व्हॉल्व्ह, बाहेर माइक, माइकला बटण. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. हे लोकांना शिकवता शिकवता तुमचा घसा बसायचा. "दाबं तं बोलानं, सोडं तं आयकानं," असं तुम्ही प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचात, आणि मग माझ्याकडे बघून हळूच, "काही साहेबलोक सोडतसच नही."

यावलच्या पुढे केळीचे मळे संपून सागाचं रान सुरू होतं, तिथून सेटचा काही भरवसा नसे. एका वळणावर जळगाव स्पष्ट, पुढच्या वळणावर नुसती खरखर. मी नकाशावर रेघा ओढून गणित मांडत बसलो, तुम्ही सुपडू ड्रायव्हरला घेऊन सरळ निघालात. तिसऱ्या दिवशी मलाही ओढून नेलंत. सुपडू जीप हळूहळू सरकवत होता, तुम्ही कान पेटीला लावून बसला होतात. "आठे नही. जरासी पुढे ले. आखो जरासी. बस!" आणि त्या 'बस'वर जळगावचा आवाज शेजारी बसल्यासारखा यायचा. दोन हात मागे गेलं की पुन्हा काही नाही. मला कारण ठाऊक होतं. एक लहर सरळ आलेली, एक कड्यावर आपटून आलेली. कुठे दोघी एकमेकींना हात देतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात, आणि या दोन जागांत दोन-अडीच हातांचंच अंतर असतं. कारण मला माहीत होतं, जागा तुम्हाला सापडत होत्या. पहिल्या जागेवर तुम्ही खिशातली डबी काढून तंबाखूचा चुना बोटावर घेतलात आणि रस्त्याच्या कडेच्या दगडाला लावलात. दुसऱ्या दिवशी चुन्याची बादलीच आणलीत. अशा अकरा खुणा झाल्या. गाडीचं पुढचं चाक खुणेला आणून उभं करायचं की जळगाव लागायचं. खात्यातल्या पोरांनी त्यांना 'नानाचे दगड' नाव दिलं. मी कागदावर त्यांना नंबर दिले.

त्या दिवशी सागाखाली बसून आपण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. खाली कसली, सावली नव्हतीच. वैशाख होता, सागाला एक पान नव्हतं, नुसते खराटे उभे. तुम्ही वर बघितलंत आणि घास हातात तसाच धरून म्हणालात, "ह्या बठ्ठा दगड आपन पावसायामा परत दखूत. बठ्ठा साग हिरवा व्हई गया का मंग खरं कळी."

मी हसलो. सगळे दगड पावसाळ्यात पुन्हा तपासायचे म्हणे! मी म्हणालो, पानांनी काय होतंय नाना, ही लहर डोंगराला भीत नाही ती पानांना भिणार? माझ्या गणितात पानांसाठी रकाना नव्हता. तुम्ही म्हणालात, सागाचं पान पत्रावळीएवढं, भिजलं की जड, अशी लाख पानं मधे आली तर काहीच अडत नसेल का? तेव्हा मी साहेब झालो. नकाशा वर पाठवायचा होता, वरून दोनदा विचारणा झाली होती. मी सही केली. खाली लिहिलं, पाहणी पूर्ण. तुम्ही ते वाचलंत आणि बादली धुतलीत.

दुसरं भांडण तर शेवटपर्यंत चाललं. जळगावचा आपला मोठा सेट, मनोरा उंच, ताकद भरपूर. त्याचा मला अभिमान होता, कुणी पाहुणा आला की मी त्याला तोच दाखवायचो. गाडीचा सेट त्याच्या पाचव्या हिश्श्याचाही नव्हता. त्यामुळे व्हायचं असं की माझं बोलणं रानात जिथे स्वच्छ पोचे, तिथून गाडीचं बोलणं माझ्यापर्यंत येताना गळून जाई. तुमचं म्हणणं होतं की यावलला एक नुसता ऐकणारा सेट बसवावा, जवळून ऐकेल आणि तारेने जळगावला देईल. "तुम्हनं आम्हले आयकू येस. आम्हनं तुम्हले येस नही. याले काय बोलनं म्हनतस का, साहेब?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू, नवे ट्रान्झिस्टरचे सेट येणार आहेत. तुम्ही म्हणायचात, तोवर? तोवर काय करायचं ते तुम्हीच शोधलंत. जळगावचा सेट मोकळा असला की सारखी खरखर करतो. दूरवरच्या गाडीने बटण दाबलं तर बोलणं उमटलं नाही तरी तेवढ्यापुरती खरखर दबते. बटण सोडलं की पुन्हा चढते. "मंग तेच वापरूत. एक डाव दाबं तं हो. दोन डाव दाबं तं नही." मला टक्क-टक्क तारेची भाषा येत नव्हती, तुम्हालाही नाही, पण हो आणि नाही एवढं आपल्याला पुरेल असं वाटलं. चार-सहा वेळा पुरलंही. 'नाल्याला पाणी आहे?' एकदा. 'फरशीपुलावरून जातंय?' दोनदा. मी दर वेळी रजिस्टरमध्ये पेन्सिलीने रेघा ओढायचो, एक रेघ हो, दोन रेघा नाही. मौज वाटायची. बोलणारे आपण दोघं, पण शब्द सगळे माझ्याकडे, तुमच्याकडे फक्त बटण. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता तो दिवस.

श्रावणातली दुपार. तीनची खबर तुमच्या गाडीकडून यायची होती. चौथ्या खुणेवरून, नाल्यावरच्या फरशीच्या तोंडाशी. सकाळी निघताना तुम्ही म्हणाला होतात की चौथीवर आता लागत नाही, साग दाटलाय. मी म्हणालो, नकाशात चौथीच आहे, तिथूनच द्या, नाहीतर रजिस्टर बिघडतं. हे माझे शब्द आहेत, नाना. मी त्यांना शोभेसं काही करून सांगणार नाही. रजिस्टर बिघडतं, असं मी म्हणालो.

तीन वाजून गेले. सव्वातीनच्या सुमारास खरखर दबली. मी माइक उचलला.

"नाना, तुमचं बोलणं येत नाही. माझं येतंय? हो असेल तर एकदा दाबा."

एकदा.

"गाडी बिघडली?"

एकदा.

"पाण्यात आहे?"

दोनदा. मला बरं वाटलं. पाणी नाही म्हणजे निम्मं संकट टळलं.

"सुपडू ठीक आहे?"

दोनदा.

मी खुर्ची पुढे ओढली. "रक्त जातंय त्याचं?" दोनदा. "पाय का?" एकदा. "मोडलाय?" एकदा. "शुद्धीवर आहे?" एकदा. मी भराभर रेघा ओढत होतो आणि स्वतःवर खूष होतो. एक अक्षर न येता मी सगळी हकीकत काढून घेतली होती. गाडी बिघडलेली, पाणी नाही, ड्रायव्हरचा पाय मोडलेला, रक्त नाही, शुद्ध आहे. म्हणजे जिवावरचं काही नाही. मी म्हणालो, "ठीक. यावलहून लॉरी पाठवतो, साखळदंड आणि चार माणसं. रस्ता खराब आहे, वेळ लागेल. तोवर तुम्ही सुपडूला सांभाळा."

मग खरखर पुन्हा दबली. चढली. दबली. चढली. मी काही विचारलं नव्हतं आणि तुम्ही दाबत होतात. मी सवयीने रेघा ओढल्या. नऊ झाल्या. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. नऊ. मी कपाळाला आठ्या घातल्या. गाडीचं इंजिन बंद, बटण दाबलं की जुना सेट बॅटरी पिऊन टाकतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. मी माइकमध्ये म्हणालो, "नाना, बॅटरी जपा. उगाच बटण दाबू नका."

आणि तुम्ही दाबलं नाहीत. त्यानंतर एकदाही नाही.

माझ्या माइकचं बटण सोडण्याआधीच मी शिपायाला म्हणालो, "चहा आण रे." मग रजिस्टरमध्ये लिहिलं, संपर्क झाला, निरोप मिळाला. यावलला फोन करून लॉरी काढायला सांगितली. यावलच्या दवाखान्यात डॉक्टर होते, त्यांची गाडी दारात उभी होती. ती हलकी गाडी, पाऊण तासात पोचली असती. मी त्यांना फोन केला नाही. मोडलेल्या पायासाठी डॉक्टरांना रानात कशाला न्यायचं, लॉरीतून सुपडूलाच दवाखान्यात आणतील, असा मी विचार केला. शहाणा विचार होता. लॉरी सहाच्या पुढे पोचली. तुम्ही साडेपाचला गेला होतात.

बटण दाबणारा माणूस धडधाकट असतो, असं मी धरून चाललो. कसं कोण जाणे, पण धरून चाललो. खोलीतल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला असंच वाटतं. तो विचारतो, गाडी कशी आहे, पाणी किती आहे, ड्रायव्हर कसा आहे. ज्याला विचारतो त्यालाच काही झालं असेल हे त्याच्या डोक्यात येत नाही.

सुपडूने मला सगळं जळगावच्या इस्पितळात सांगितलं. त्याचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. चौथ्या खुणेवर गाडी लावली, तुम्ही हाक दिलीत, जळगावचं उत्तर येईना, नुसती खरखर. तुम्ही म्हणालात, जरासी पुढे ले. त्याने घेतली. आखो जरासी. फरशीची कड पावसाने आतून पोकळ झालेली, चाकाखालून ती गेली आणि गाडी खालच्या दगडांवर आडवी झाली. दोन हात पुढे, नाना. तुमची तीच रीत. आणि दोन हात पुढे जावं लागलं, कारण चौथ्या खुणेवर पानं आली होती आणि मी वैशाखात सही केली होती. सेटची पेटी तुमच्या बाकासमोर, ती तुमच्या पोटात बसली. वरून काही दिसत नव्हतं. रक्ताचा थेंब नाही.

"तुम्ही मन्हा पायनं इचारं, साहेब," सुपडू छताकडे बघत म्हणाला. "नानानं पोट दुखी ऱ्हायनं व्हतं. पन त्या म्हनेत, आते इचारतीन, आते इचारतीन."

आत्ता विचारतील म्हणून! मी म्हणालो, "मग मी लॉरीचं सांगितलं तेव्हा?"

"मंग त्यास्नी दाबं, दाबं, दाबं. तुम्ही म्हने बॅटरी जपा. मंग सोडी दिधं. माले म्हने, साहेब म्हनतस तं ऱ्हावू दे."

सुपडूचा माझ्यावर राग नव्हता. त्याने तो काढला असता तर मला तिथे बसता आलं असतं. तो म्हणाला, "त्यास्ले चहानंबी आयकू उनं, साहेब. नाना हसनात. म्हने, आपलेबी आनाले सांगा."

हसलात, नाना? पोटात तसं झालेलं असताना?

मी तुमच्यावर चिडलोही आहे. हे कुणाला सांगता येत नाही, तुम्हाला सांगतो. सहा वर्षं तुम्ही माझं एक म्हणणं कधी मुकाट्याने ऐकलं नाहीत. नकाशावर भांडलात, मनोऱ्यावर भांडलात, चहात साखर किती यावर भांडलात. आणि नेमकं त्या दिवशी, आयुष्यात एकदाच, साहेब म्हणतात तर राहू दे! आणखी एकदा दाबायला काय झालं होतं? बॅटरी गेली असती तर गेली असती. मी तुम्हाला मेमो दिला असता, तुम्ही तो चुन्याच्या डबीखाली ठेवला असतात, आणि आज आपण त्यावर भांडत असतो. मग माझंच मला उत्तर येतं. तुम्ही नऊ वेळा दाबलं होतं. नऊ वेळा दाबूनही जो ऐकत नाही, त्याच्यासाठी दहावं कशाला?

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलं असतं तर प्रयत्न केला असता, नक्की काही सांगता येत नाही. मी ते 'नक्की' हातात धरून दोन दिवस बसलो. मग सोडून दिलं. तुम्ही वाचला असतात की नाही हा प्रश्नच वेगळा. तुमच्याजवळ कुणीतरी असतं, तुमचं दुखणं कुणीतरी विचारलेलं असतं. तेवढं माझ्या हातात होतं.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मी दुसरी जीप घेऊन चौथ्या खुणेवर गेलो. चुना पावसाने अर्धा गेला होता. चाक खुणेला लावलं आणि वर पाहिलं. खराटे कुठेच नव्हते. डोंगरापर्यंत नुसती पानं, एकावर एक, पाणी टपकत होतं. तुमच्या पत्रावळी. जळगावला मी आमच्या नव्या ऑपरेटरला बसवून आलो होतो, दर पाच मिनिटांनी बोलत राहा म्हणून. मला वाटलं होतं खरखरीतून कसंबसं काही ऐकू येईल. तो बोलला आणि मी दचकलो. इतकं स्वच्छ! त्याने घसा खाकरलेला ऐकू आला. मागे खुर्ची सरकली, खिडकीचं दार वाजलं, कुणीतरी रस्त्यावरून सायकलची घंटी वाजवत गेलं. जळगावची ती सगळी खोली त्या रानात माझ्या मांडीवर येऊन बसली. मी माइकमध्ये ओरडून उत्तर दिलं. त्याला काही पोचलं नाही. तो म्हणाला, "साहेब, तुमचं येत नाहीये. ठीक आहात का? हो असेल तर एकदा दाबा."

त्याने पहिलाच प्रश्न तो विचारला, नाना. बावीस वर्षांचं पोर. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मी बटण दाबलं नाही. फरशीच्या तुटलेल्या कडेवर बसून रडलो. मला कधी रडता येत नाही, तुम्ही त्यावरूनही चिडवायचात. पलीकडून तो सारखा विचारत होता, साहेब, ठीक आहात का, साहेब. शेवटी त्याची दया आली म्हणून एकदा दाबलं. तेही खोटंच.

परत येऊन मी रजिस्टरचं ते पान काढलं. 'संपर्क झाला' खोडलं. खाली लिहिलं की गाडीने न विचारता नऊ वेळा इशारा दिला, मी तो थांबवायला सांगितला, सही. वैशाखातल्या नकाशावरही लिहिलं, पाहणी अपूर्ण, मेकॅनिकने तसं सांगितलं होतं. वरचे साहेब म्हणाले, हे कशाला उकरता, अपघात आहे. मी म्हणालो, अपघात चाकाचा होता, बाकी माझं आहे. त्यांनी कागद ठेवून घेतले. त्याचं पुढे काय व्हायचं ते होईल.

पण अक्कांकडे ते वाक्य अजून होतं. घरी सांगा, काळजी करू नका. परवा मी ते परत घ्यायला धुळ्याला गेलो. जाताना पानाची नक्कल खिशात होती. एस.टी.त बसल्यावर दोनदा वाटलं की उतरावं आणि माघारी जावं. त्या बाईपाशी एवढं एक वाक्य आहे, ते तरी कशाला काढून घ्यायचं? जळगावशेजारच्या नशिराबादचा रस्ता नव्हे हा, लांबचा प्रवास, मन फिरवायला वेळ भरपूर मिळतो. पण तुमचं म्हणून माझं वाक्य त्या घरात राहणार, हे मला सोसेना. सहा वर्षं तुमच्या तोंडचं मीच बोलत आलो होतो. आता मेल्यावरही?

अक्का डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, सागापासून. ऐकता ऐकता त्यांचा सुपातला हात थांबला. मी संपवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कितला डाव दाबं त्यास्नी?"

"नऊ."

"नऊ डाव." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आनि तुम्ही त्यास्ले गप बसाडं."

मी मान हलवली. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर मला बाहेर जायला सांगतील. मी दोन्हीला तयार होतो. धुळ्याच्या त्या ओसरीवर दुपारची उन्हं तिरपी आली होती, भिंतीवर तुमचा फोटो, नवीन हार, फोटोतही तंबाखूचा गाल फुगलेला. अक्कांनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग आते इचारा."

मला कळलं नाही.

"जे इचारं नही ते आते इचारा. मन्हा समोर इचारा."

मी उभा राहिलो. फोटोसमोर गेलो. माझा आवाज, जो सातपुड्यापर्यंत स्वच्छ पोचतो, तो गळ्यातून बाहेर येईना. अक्का वाट बघत होत्या. शेवटी त्यांनी सूप ओढून घेतलं आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या. चहा विचारला नाही. बरं केलं. मी चप्पल घालून निघालो.

आज खोलीत एकटाच आहे. सेट चालू ठेवलाय, खरखर चाललीय, माइक समोर आहे. अक्कांसमोर जमलं नाही, कागदावर जमतंय का बघतो.

नाना, गाडीचं राहू द्या. पाण्याचं राहू द्या. सुपडूचा पाय बरा होतोय.

तुम्हाला लागलंय का? हो असेल तर एकदा दाबा. बॅटरीचं मी बघतो.